पूजेला जोडपं

कोठावदे सरांनी वाटीतल्या तांदळांवर दुसरा चमचा कुंकू टाकलं, वरून पाण्याची धार सोडली, आणि घोटाळा झाला. तांदूळ लाल व्हायचे सोडून गुलाबी चिखलात बसले. सरांनी चमच्याने ढवळून पाहिलं, वाटी तिरकी करून पाणी ओतून पाहिलं, शेवटी सगळा लगदा ओट्याच्या कडेला ठेवून छायाला फोन लावला.

"पाणी किती घातलंत, सर?"

"असेल दोन-तीन चमचे."

"अहो, नुसतं बोट बुडवून शिंपडायचं असतं!" पलीकडे छायाला हसू आवरत नव्हतं. ती सरांची जुनी विद्यार्थिनी आणि आता कंपनीचा सगळा कारभार तिच्याच हातात. "आणि अक्षता हव्यात कशाला? पत्रिका सगळ्यांना व्हॉट्सॲपवर गेलीय."

"पुंजाला नाही ना पाठवलीस?"

"नाही अजून. आत्ता पाठवते."

"नको. त्याला मी घरी जाऊन सांगणार आहे."

दुसरा घाणा बरा जमला. वर्तमानपत्रावर पसरून सरांनी तो पंख्याखाली ठेवला आणि वाळेपर्यंत खुर्ची ओढून समोर बसून राहिले. गंगापूर रोडवरच्या घरात, सातव्या मजल्यावर, सकाळी दहा वाजता पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. बायको, मंजुषा, असती तर तिने दोन मिनिटांत अक्षता करून वर चार शब्द सुनावले असते. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तिच्या हातची मसाल्याची बरणी अजून तशीच होती. सर ती उघडत नसत आणि टाकतही नसत.

तसं म्हटलं तर सरांचं सगळं छान चाललं होतं. अभियांत्रिकी महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं शिकवलं, आणि ज्या वयात माणसं सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गट धरतात त्या वयात कंपनी काढली. कांदा वरून कितीही तकतकीत असला तरी आतली एखादी पाकळी सडलेली असते, आणि तो एक कांदा कांदाचाळीतली अख्खी रास नासवतो. सरांचं यंत्र कांदा न कापता त्याच्या आतलं चित्र काढायचं. पट्ट्यावरून कांदे पळतात, खालून डोळ्यांना न दिसणारा उजेड, वरून कॅमेरा, आणि सडका कांदा आपोआप बाजूला पडतो. कंपनीचं नाव 'आरपार'. नामपूरपासून गुजरातपर्यंत यंत्रं बसली होती, परदेशी चालली होती, पेपरांत फोटो येत होते. आता अंबडला स्वतःचा कारखाना उभा राहिला होता आणि दसऱ्याला त्याची वास्तू आणि यंत्रांची पूजा होती.

आणि इथेच गाडं अडलं होतं. गुरुजी म्हणाले होते, पूजेला जोडपं लागतं. घरचं कोणी? सर म्हणाले, घरचं कोणी नाही. मूलबाळ नाही, नामपूरचा एक चुलतभाऊ होता तो मुलाकडे सुरतेला गेलेला. मग एखाद्या भागीदाराला बसवा, गुरुजी सहज म्हणाले. पैसे घालणारे बंगळुरूचे साहेब पत्नीसह येणारच होते. सरांना ते काही केल्या पटेना. ज्या माणसाने आयुष्यात गोणीतला कांदा हातात घेतला नाही तो आपल्या वास्तूच्या संकल्पाचं पाणी सोडणार? त्या रात्री ते बराच वेळ विचार करत पडले आणि एकदम उठून बसले. पुंजा आणि गोजरावहिनी! आपल्याला आधी सुचलं कसं नाही, म्हणून त्यांनी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

पुंजा थेटे म्हणजे प्रयोगशाळेतला शिपाई. कागदावर शिपाई, बाकी सगळ्या अर्थांनी सरांचा उजवा हात. यंत्राला शिकवायचं तर आधी कांद्याचं चित्र काढायचं आणि मग तोच कांदा कापून आत खरं काय आहे ते लिहायचं. हे कोण करणार? एम. टेक.ची मुलं शंभर कांद्यांत डोळे पुसत पळाली. पुंजाने घरून विळी आणली, प्रयोगशाळेच्या फरशीवर पोतं अंथरलं आणि मांडी घालून बसला. चिरायचा आणि सांगायचा, चांगला, कोंब, काळा, सड. सर वहीत लिहायचे. नामपूरच्या मार्केटातून गोण्या यायच्या, त्या सरता सरता दुसऱ्या यायच्या. चार वर्षं हे चाललं. एक्केचाळीस हजार कांदे कापले पुंजाने. "सर, एवढा तर मी बापाच्या मयताला बी रडलो नाय," असं म्हणून स्वतःच हसायचा. तो निवृत्त झाल्यावर सरांनी त्याला कंपनीत बोलावलं, पण तिथं सगळे संगणकासमोर. पुंजा दोन दिवस खुर्चीवर बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, माझे टमाटे वाट बघत्यात." गेला तो गेलाच.

तरी दिवाळीला त्याच्याकडून फराळाचा डबा यायचा. दोन-चार महिन्यांनी फोन यायचा. यंदा मात्र बऱ्याच दिवसांत काहीच नाही. सरांच्या मनात मागेच पाल चुकचुकली होती. हिवाळ्यात एका मोठ्या वर्तमानपत्रात कंपनीवर अर्धं पान आलं होतं, त्यात सर होते, छाया होती, बंगळुरूचे साहेब होते. पुंजाचं नावसुद्धा नव्हतं. रुसला असणार गडी. रुसायचा हक्कच आहे त्याचा. आता त्या दोघांना वास्तूच्या पूजेला बसवायचं, सगळ्यांसमोर, म्हणजे फिटलं. आणि खरं सांगायचं तर फेडण्यापेक्षाही सरांना दुसरंच काहीतरी हवं होतं. त्या दिवशी मांडवात चारशे माणसं असणार होती आणि त्यातलं आपलं म्हणावं असं एकही नव्हतं. पुंजा आणि वहिनी पाटावर बसले असते तर सरांना त्यांच्यामागे उभं राहता आलं असतं, घरच्यासारखं.

बारा वाजता सरांची गाडी दुगावच्या पुढे आडवाटेला लागली. दोन्ही बाजूंना झेंडूच झेंडू. दसरा चार दिवसांवर, त्यामुळे सगळ्या शेतांत तोडणी चाललेली. मागच्या सीटवर नारळ, पेढे आणि एक साडी होती. साडी सरांनी स्वतः दुकानात जाऊन घेतली होती. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी, वय काय, रंग कसा. सरांना गोजरावहिनींचा चेहरा आठवत होता, कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू आठवत होतं, रंग काही सांगता येईना. शेवटी हिरवी घेतली. पूजेला हिरवी चालते एवढं त्यांना माहीत होतं.

पुंजाच्या अंगणात झेंडूचे ढीग लागले होते. क्रेट भरून ठेवलेले, काही अर्धे. पुंजा ढिगापाशी उकिडवा बसून देठ खुडत होता. गाडी पाहून तो उठला, टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि तसाच उभा राहिला.

"काय पुंजाशेठ! ओळख विसरलास काय?"

"या सर," पुंजा म्हणाला. "या. वर या ना."

तो ओट्यावर सतरंजी टाकायला लागला. वाळलाय, सरांना वाटलं. दाढी वाढली होती. आतून प्रतिभा, पुंजाची एकुलती एक लेक, तांब्या-भांडं घेऊन आली.

"अरे, प्रतिभा! दसऱ्याला माहेरपणाला आलीस वाटतं? जावई कुठाय?"

प्रतिभाने बापाकडे पाहिलं. मग भांड्यात पाणी ओतून सरांपुढे ठेवलं आणि आत गेली. लाजली, सरांनी मनाशी धरलं.

"चहा टाक गं," पुंजा दाराकडे तोंड करून म्हणाला. "आलं घाल जरासं. सरांना लागतं."

"चहा होईल रे. आधी मी ज्या कामाला आलोय ते करू दे." सर उभे राहिले. उभं राहूनच द्यायची असते अक्षत, एवढं मंजुषाबरोबर फिरून त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खिशातून पुडी काढली, चिमूटभर अक्षता घेतल्या. "हात पुढे कर. दसऱ्याला आपल्या कारखान्याची वास्तुशांत. सहकुटुंब यायचं."

पुंजाचा हात पुढे यायला जरा वेळ लागला. सरांनी अक्षता तळव्यावर ठेवल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मूठ मिटली आणि ती तशीच छातीशी धरून उभा राहिला.

"आणि नुसतं जेवायला नाही यायचं. पूजेला तुम्ही दोघं बसायचं आहे. तू आणि वहिनी."

"सर..."

"ऐकून घे. नाही म्हणायचं नाही. त्या पेपरवाल्यांनी तुझं नाव घातलं नाही ते माझ्याच चुकीने. मी सांगायला हवं होतं. पण यंत्र कोणाच्या विळीवर शिकलं ते मला माहीत आहे, आणि त्या दिवशी सगळ्यांना माहीत होईल. मी भाषण लिहिलंय. पाटावर तुम्ही दोघं बसल्याशिवाय मी बटण दाबणार नाही." सर एका दमात बोलत होते. इतकं सलग बोलून त्यांना कित्येक दिवस झाले असतील. "वहिनी मळ्यात आहेत का? बोलाव त्यांना. तुझं काही खरं नाही, तू पाय मागे घेशील. मी त्यांनाच सांगतो. थांब, त्यांची साडी गाडीत राहिली."

ते ओट्यावरून उतरून लगबगीने गाडीकडे गेले. साडीची पिशवी, पेढ्यांचा पुडा, नारळ, सगळं दोन हातांत कसंबसं सावरत परत आले. पुंजा होता तिथंच उभा होता, पण त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"बसा सर," तो म्हणाला. "ती नाय आता."

"नाही म्हणजे? बाहेरगावी गेल्यात?"

"माघात गेली. टमाट्याच्या वाफ्यात काम करीत व्हती, छातीत कळ आली. गाडी काढोस्तर संपलं."

सरांच्या हातातला नारळ ओट्यावर ठेवताना घरंगळला आणि झेंडूच्या ढिगात जाऊन थांबला. कोणीच तो उचलला नाही. सर सतरंजीवर बसले. माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. आठ महिने. आठ महिने होऊन गेले आणि आपण इथे येऊन साडी, पाट आणि भाषण घेऊन बसलोय. त्यांना आधी लाज वाटली आणि लाजेच्या पाठोपाठ रागच आला.

"आणि मला कळवलं नाहीस? मला, पुंजा? एवढा परका झालो मी? पेपरातलं नाव इतकं लागलं तुला?"

"तसं नाय, सर."

"मग कसं? एक फोन करता आला नाही?"

"कळवलं व्हतं ना!" प्रतिभा दारात येऊन उभी होती. तिच्या हातात चहाची गाळणी तशीच होती. "बापूंनी दहाव्याचं कार्ड पाठवलं व्हतं तुम्हाला. तुमचा उलटा मेसेज पण आला. आणि मग तुमचा मिक्सरसुद्धा आला, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. लाल कागदात गुंडाळलेला."

"प्रतिभा," पुंजा म्हणाला, "आत जा तू."

"जाते. पण माझं अजून लग्न झालेलं नाय, एवढं सांगा त्यांना." तिचा आवाज फाटला आणि ती आत गेली.

सरांनी खिशातून फोन काढला. पुंजाचं नाव शोधायला त्यांना बराच वेळ लागला, खाली, पार खाली गेलं होतं ते. उघडलं. एकच चित्र होतं, न उतरवलेलं, धुरकट, चारी बाजूंनी भगवी-पिवळी झेंडूची किनार आणि मध्ये कोणाचा तरी गोल फोटो. चित्राच्या मधोमध खाली जाणारा बाण. त्याखाली सरांचा स्वतःचा मजकूर.

'अरे वा! अभिनंदन! वहिनींना आणि तुला मनापासून शुभेच्छा. लग्नाला नक्की येतो.'

आता त्यांना सगळं लख्ख आठवलं. विमानतळावरची रांग. हातात पासपोर्ट, कानाशी फोन, कैरोच्या प्रदर्शनाला पोचायची घाई. प्रतिभासाठी स्थळं बघताहेत हे दिवाळीच्या फोनवर वहिनींनीच सांगितलं होतं. झेंडूची किनार बघितली आणि पत्रिका म्हणून मोकळे झाले. लगेच छायाला कळवलंही, पुंजाच्या मुलीचं लग्न आहे, काहीतरी चांगलं पाठवून दे. लग्नाच्या तारखेला आपण कैरोत असू, असं ठरवूनसुद्धा टाकलं होतं. तारीख न बघताच! चित्रावरून आत काय आहे ते ओळखायचं, ह्यावर ज्याची अख्खी कंपनी उभी, त्याने हे चित्र उघडलंसुद्धा नव्हतं. आता बोला.

त्यांनी बाणावर बोट ठेवलं. गोल फिरत राहिलं, ह्या वाडीत नेटवर्क यथातथाच. मग वरून खाली हळूहळू चित्र स्वच्छ होत आलं. डोक्यावरून पदर, रुपयाएवढं कुंकू, फोटो काढताना कोणीतरी हसवल्यासारखं अर्धं हसू. कैलासवासी सौ. गोजराबाई पुंजा थेटे. दशक्रिया विधी, रामकुंड, पंचवटी, सकाळी आठ वाजता. सरांच्या घरापासून रामकुंड फार तर पंधरा मिनिटांवर होतं.

"मला वाटलंच व्हतं, तुमी उघडून बघितलं नसंल," पुंजा म्हणाला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"फोन लावला व्हता एकदा. तुमचा लागला नाय. मिक्सर आननारा म्हनला, सर परदेशात हायेत. मग म्हनलं, सरांना कळलं तर लय लागंल त्यांना. परदेशात एकलं मानूस, तिथं कोन हाय जवळ. आल्यावर सांगू. मग दिवस गेले. मग सांगायचं म्हनलं तरी कसं सांगायचं, तेच कळंना."

सर त्याच्याकडे बघत राहिले. बायको गेलेल्या घरात बसून हा माणूस आपल्याला लागेल म्हणून गप्प राहिला, आणि आपण इकडे त्याला रुसका ठरवून बसलो होतो. त्यांना तोंड लपवावंसं वाटलं.

आतून आल्याचा वास यायला लागला होता. कपबशांचा आवाज आला. पुंजाने दाराकडे मान वळवली.

"प्रतिभा, चहा उतरव. आनू नको बाहेर."

संपलं, सरांना वाटलं. आता हा आपल्याला निघा म्हणणार, आणि म्हणायलाच हवं. ते उठायला लागले. पण पुंजाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. पेढ्यांचा पुडा आणि साडीची पिशवी उचलून सरांच्या नजरेआड, खांबामागे ठेवली. मग तो स्वतः भिंतीला टेकून बसला, गुडघे जवळ घेऊन, टोपी मांडीवर, आणि समोर अंगणाकडे पाहायला लागला.

मग सरांच्या लक्षात आलं. दारावर, म्हणजे दुखवट्याला, आलेल्या माणसाला चहा देत नाहीत. पाहुणा म्हणून आलेल्याला देतात. पुंजाने चहा थांबवून त्यांना आठ महिन्यांपूर्वीच्या त्या दिवशी नेऊन बसवलं होतं, जिथं त्यांनी बसायला हवं होतं.

ते बसले. आता बोलायचंच नव्हतं काही. दारावर बसलेली माणसं काय बोलतात? कसं झालं, कधी झालं, ते तर झालंच होतं. अंगणात झेंडूवर मधमाश्या घोंघावत होत्या. चौकटीला तोरण नव्हतं, हे सरांना आत्ता दिसलं. फुलांचे एवढे ढीग दारात आणि चौकट कोरडी.

मंजुषा गेली त्या दिवशी घरात चूल पेटवायची नव्हती आणि बाहेरून कोणी काही आणायचं असतं हे सोसायटीत कोणाला सुचलंही नव्हतं. संध्याकाळी गोजरावहिनी सात मजले चढून आल्या, लिफ्ट बंद होती म्हणून. फडक्यात बांधलेली भाकरी आणि पिठलं. सर नको म्हणाले, दोनदा म्हणाले. तेव्हा त्या समोर फतकल मारून बसल्या आणि घास हातात धरून म्हणाल्या, "भाऊ, कडू घास असतो हा. बहिणीच्या हातचा घ्यावा लागतो." आणि भरवला. त्यानंतरचे दहा दिवस रोज डबा आला. सरांनी त्यांना एकदाही बहीण म्हटलं नव्हतं. वहिनीच म्हणत राहिले, सवय म्हणून.

"मला भरवलं होतं त्यांनी," सर म्हणाले, "लहान पोराला भरवतात तसं." रडू आलं ते आवरेना. नाकातून पाणी यायला लागलं, खांदे हलायला लागले, साठीच्या माणसाला शोभणार नाही असं सगळं झालं.

"रडा सर," पुंजा समोर बघतच म्हणाला. "बाई गेल्या तव्हा नव्हते रडले तुमी. ती घरी येऊन म्हनली मला, भाऊंचं काय खरं नाय, आतल्या आत कोंडलंय सगळं."

बऱ्याच वेळाने सरांनी रुमाल काढला. प्रतिभा दारात येऊन बसली होती, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, आणि तिच्याही हातात पदराचा बोळा होता.

"सर, एक सांगू का?" पुंजा म्हणाला. "पूजेला यायला मला लय आवडलं असतं. ती तर आठ दिस आधीपासून नाचली असती. पन आता नाय जमायचं. एक तर पाटावर एकलाच बसू का मी? आन् घरात वरीस हाय. माघापत्तुर आमी कुनाच्या मांडवात जात नाय. तोरन नाय, गोडधोड नाय. पोरीचं जमलेलं लगीनसुद्धा त्याच्यापायी थांबवलंय. तुमचं शुभकार्य, त्यात आमचं पाऊल नको."

त्याने मूठ उघडली. अक्षता घामाने भिजून तळव्याला चिकटल्या होत्या, तळवा लाल झाला होता. उठून तो तुळशीपाशी गेला आणि एकेक दाणा नखाने सोडवून त्याने मातीत टाकला. हात धुतले. परत येऊन बसला.

"तुमी करा पूजा थाटात," तो म्हणाला. "बसवा कुनालातरी. चारशे मानसं येनार म्हनता."

"हो," सर म्हणाले. "चारशे येणार आहेत."

रस्त्यावर फुलं न्यायला टेम्पो आला आणि भोंगा वाजवायला लागला. प्रतिभा उठून क्रेट उचलायला गेली. सर उठले, खांबामागची पिशवी आणि पुडा घेतला. पायात चपला सरकवल्या. नेहमीप्रमाणे 'येतो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दारावर आलेल्याने जाताना 'येतो' म्हणायचं नसतं. पुंजाही उठला नाही, 'या' म्हणाला नाही, भिंतीला टेकून तसाच बसून राहिला. सर अंगण ओलांडून गाडीत जाऊन बसले आणि मागे न बघता निघाले.

मुख्य रस्त्याला लागतात न लागतात तोच फोन वाजला. छाया.

"सर, गुरुजी पुन्हा विचारत होते, जोडपं ठरलं का? नाहीतर बंगळुरूचे साहेब बसायला तयार आहेत. त्यांच्या मिसेस नऊवारी नेसणार म्हणतात."

"यंदा पूजा नाही करायची, छाया."

"म्हणजे? सर, मांडव घातलाय. तोरणं लागलीत. आणि पूजेशिवाय पट्टा सुरू करायला आपली पोरं हात लावणार नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

"मी लावतो हात. पाहुण्यांना यंत्र दाखवू, जेवायला घालू. पूजा माघानंतर करू."

"पण का, सर? झालं काय?"

समोरून झेंडूने भरलेला एक टेम्पो जात होता. सरांनी त्याला पुढे जाऊ दिलं.

"घरात वर्ष आहे."

सरांच्या घरात सरांशिवाय कोणी नाही, हे छायाला सहा वर्षांपासून माहीत होतं.

"कोणाचं, सर?" तिने हळूच विचारलं.

"बहिणीचं. माघात गेली ती. मला उशिरा कळलं."

"बरं सर. तोरणं उतरवायला सांगते."